साडेबाराचं सत्र

२० एप्रिल २०२०, सोमवार. देगू, दक्षिण कोरिया.

आजपासून रोजनिशी. रोज. समुपदेशकाने स्वतःच्या मनाचीही नोंद ठेवावी, असं परवाच्या ऑनलाइन प्रशिक्षणात सांगितलं. (मी कॅमेरा बंद ठेवून मोज्यांच्या घड्या घालत होतो. पण ऐकत होतो.)

तिसरीचे वर्ग आज सुरू झाले, म्हणजे टीव्हीवर. शाळेत मुलं नाहीत. समुपदेशनाच्या खोलीत मी, वाळूचा ट्रे आणि मऊ अस्वलं. अस्वलं सॅनिटायझरने पुसली. एकाचं नाक निघालं.

तिसरीच्या वर्गशिक्षिका तक बाई यांनी तीन मुलं सोपवली. राओन, यॉरुम, दानबी. दानबीबद्दल बाई खास थांबून बोलल्या. आई नर्स, फेब्रुवारीपासून कोरोना वॉर्डात, राहायची सोयही तिकडेच. बाबा कुरिअरची गाडी चालवतात. पहाटे जातात, रात्री येतात. मुलगी दिवसभर एकटी. फोनवर ‘हं’च्या पुढे बोलत नाही. पुस्तकं न्यायला बाबांबरोबर आली होती तेव्हा बाईंना फार बारीक वाटली. म्हणाल्या, “कू सर, ही पोर माझ्या हातून निसटतेय. जरा बघा.”

म्हटलं, निश्चिंत राहा. मी आहे.

निश्चय: महिनाभरात दानबी बोलती झाली पाहिजे. दुसरा निश्चय: कप राम्यॉन (गरम पाणी ओतून खायच्या कपातल्या नूडल्स) बंद.

२१ एप्रिल, मंगळवार

दानबीचं पहिलं सत्र. वेळ साडेबारा, मंगळवार आणि शुक्रवार. फार विचार करून ठेवली. (राओन सोमवारी, यॉरुम गुरुवारी, वेळ हीच.) टीव्हीवरचे तास तोवर संपतात, दीडपासून मुलांचा गृहपाठ, आणि दुपारी मला कागदपत्रं. साडेबारालाच सगळे मोकळे असतात. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

मुलगी वेळेवर स्क्रीनवर आली. समोर वाटी-चमचा घेऊन बसली होती. भातावर काहीतरी पिवळं, अंड्याचं असावं. प्रेमाने पण ठामपणे नियम सांगितला: सत्रात खायचं नाही. तिने वाटी बाजूला ठेवली. वाद घातला नाही. पहिल्याच दिवशी चौकट मान्य झाली. उत्तम सुरुवात.

‘जेवलीस का?’ हा प्रश्न मी सत्रातून हद्दपार केला आहे. आपल्याकडे जो तो भेटल्याबरोबर तेच विचारतो. उत्तर ‘हो’. संवाद संपला. ते काही शास्त्र नव्हे. त्याऐवजी पाच चेहऱ्यांचा तक्ता. एक म्हणजे रडका, पाच म्हणजे हसरा. मुलाने नंबर सांगायचा. दानबीने तीन सांगितला.

आईचा आंदोंगहून फोन. जेवलास का? म्हटलं, हो. काय? म्हटलं, भात, मासा, पालक. (कप राम्यॉन. शेवटचा.)

२३ एप्रिल, गुरुवार

माझ्या ‘मनाचा अंकुर’ योजनेचा शुभारंभ. तिन्ही मुलांच्या घरी जाऊन दाराच्या कडीला पिशव्या अडकवल्या. आत सोयाबीन, भोकं असलेला डबा आणि काळं फडकं. मोड अंधारात वाढवायचे, दिवसातून चार-पाचदा पाणी घालायचं. दुसऱ्याची काळजी घेता घेता मूल स्वतःची काळजी घ्यायला शिकतं. हे वाक्य माझं स्वतःचं. कुठेतरी छापून यायला हवं.

मीही खोलीत एक डबा लावला आहे. मुलांसमोर आदर्श हवा.

२४ एप्रिल, शुक्रवार

दानबी वाटी न घेता आली. नियम एका फटक्यात पोचला.

थोडी अडचण. वेळेअभावी मला कप राम्यॉन स्क्रीनच्या खाली ठेवून खावा लागला, आवाज बंद करून. तर चष्म्यावर वाफ. दानबीने विचारलं, सर, तुम्ही जेवताय का? म्हटलं, नाही, हवा दमट करायचं यंत्र आहे. ती बराच वेळ चष्म्याकडे बघत राहिली.

जाताना म्हणाली, “सर, जेवलात का?”

आपणहून बोललेली तिची पहिली दोन पूर्ण वाक्यं, आणि दोन्ही जेवणाचीच. नोंद केली: मूळ विषय टाळण्याची प्रवृत्ती.

२८ एप्रिल, मंगळवार

डबा कुजला. शनिवार-रविवार खोलीला कुलूप, पाणी कोण घालणार? योजनेत दोष नाही. सुट्टीत दोष आहे. दोन्ही खिडक्या उघडल्या. अस्वलांनाही वास लागलाय.

पण साडेबाराला दानबीला सांगणार काय? खालच्या मार्टातून मोडांची पिशवी आणली, डब्यात उभी करून ठेवली. तात्पुरती सोय. आशा दाखवणं हा कामाचाच भाग आहे.

दानबीने स्क्रीनजवळ तोंड आणून बघितलं. सगळे एकाच उंचीचे आहेत, म्हणाली. म्हटलं, नियमितपणामुळे.

सोमवारपासून नवे दाणे लावायचे.

१ मे, शुक्रवार

दानबीचा डबा रिकामा. विचारलं तर म्हणाली, काल सुट्टी होती, बाबा घरी होते. मोडांचं सूप केलं, दोघांनी खाल्लं. बाबांनी दोन वाट्या घेतल्या, तिने तीन. हे सांगताना चक्क हसत होती.

सत्राचा उरलेला वेळ तिला समजावण्यात गेला. मोड खाण्यासाठी नव्हते, जपण्यासाठी होते. तिने सॉरी म्हटलं. मग चेहरा विचारला. तीन म्हणाली. म्हटलं, नीट विचार कर. तिने केला. चार.

प्रगती.

५ मे, मंगळवार

बालदिन, सुट्टी. बेत: तिन्ही मुलांना व्हिडिओ शुभेच्छा, एकेकाचं नाव घेऊन, मागे अस्वलं.

अंघोळीनंतर जरा पडलो. उठलो तर अंधार पडत आला होता. मग मेसेंजरवर हृदय धरलेला ससा पाठवला. दानबीच्या मेसेजशेजारचा ‘१’ त्याच क्षणी गेला, म्हणजे तिने वाचलं. जणू फोन हातात धरूनच बसली होती. उत्तर आलं: सर, जेवलात का?

सुट्टीच्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. चौकट सगळ्यांनाच सारखी.

८ मे, शुक्रवार

आज दानबीच्या मागे टीव्ही चालू होता. एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसून बचाबचा खात होता. असे व्हिडिओ आजकाल फार. माणसं ढीगभर खातात आणि लोक बघत बसतात. म्हटलं, सत्र चालू आहे, बंद कर. तिने केलं. खोली एकदम शांत झाली. एकाग्रतेला बरं.

चेहरा: पाच. न विचारता. हसून दाखवलं, मला नीट दिसावं म्हणून कॅमेऱ्याजवळ येऊन.

महिन्याचा अहवाल वर पाठवला. तीन, चार, पाच. रेघ कशी सरळ चढते आहे. तक बाईंनाही पाठवली. त्यांचं उत्तर: छान. पण सर, काल फोन केला तर अजून ‘हं’च म्हणते. म्हटलं, प्रत्येक मूल प्रत्येकाशी मोकळं होत नाही.

१२ मे, मंगळवार

एक तांत्रिक चूक.

साडेबाराला दोन मिनिटं असताना आईचा फोन. जेवलास का, काय जेवलास, खोटं बोलतोस, आवाजावरून कळतं. कसाबसा ठेवला आणि सत्र सुरू केलं. जीभ त्याच रुळावर होती. दानबी दिसताच तोंडून गेलं, “जेवलीस का?”

मला वाटलं नेट अडकलं.

“नाही, सर.”

मग म्हणाली, “कालपण नाही. दुपारचं मी जेवत नाही.”

घड्याळात बघितलं. का बघितलं माहीत नाही, सत्र तर नुकतंच सुरू झालं होतं. प्रशिक्षणात या उत्तराचं पुढचं पान नव्हतं. मी म्हटलं, बरं, जेवून घे हं. आणि तक्ता वर धरला.

पाच, म्हणाली.

मी पाच लिहिलं.

१३ मे, बुधवार

कालच्यावर शांतपणे विचार केला. नऊ वर्षांचं मूल एक वेळ नाही जेवलं तर आकाश कोसळत नाही. मीही लहानपणी दुपारचं टाळायचो. (नाही. आई ताट घेऊन मागे फिरायची.) शिवाय बाबा अन्न ठेवून जातात, हे बाईंनी सांगितलंय. शिवाय आहार हा माझा विषय नाही. शिवाय तिने हसरा चेहरा सांगितला.

आज कप राम्यॉनमध्ये पाणी ओतलं आणि झाकणाकडे बघत राहिलो. फुगून लापशी झाली. टाकला. राम्यॉन बंद करण्याचा निश्चय अखेर पार पडला असं म्हणायला हरकत नाही.

१५ मे, शुक्रवार

शिक्षक दिन. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट. भेटवस्तू घ्यायची नसते, पण स्क्रीनवर कागदी फूल दाखवलं तर कायदा काय करणार?

साडेबारा. दानबी नाही. वाटलं, आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत असेल. हसरा चेहरा तयार ठेवून बसलो. गाल दुखले. एक वाजता बंद केलं.

नेटचा प्रश्न असणार. देगूत सगळीकडे आहे म्हणतात.

१९ मे, मंगळवार

दानबी नाही. काल राओनही नव्हता. (असतो तेव्हाही फक्त छतावरचा दिवा दाखवतो, पण काल दिवाही नाही.) गेल्या गुरुवारी यॉरुमने ‘पोट दुखतंय’ लिहून सत्र टाळलं होतं.

तिघांचंही नेट एकदम गेलं असेल का? असू शकतं.

दानबीला मेसेज पाठवला. ‘१’ गेला नाही.

२० मे, बुधवार

जिन्यात तक बाई भेटल्या. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते, तेही पुरे होते. विचारलं, दानबी कशी आहे? मी म्हटलं, स्थिर.

स्थिर! आठवड्यापूर्वी जेवली नव्हती आणि त्यानंतर मला दिसलेली नाही, याला आमच्या भाषेत काय म्हणतात? एवढा शिकलो तो जिन्यात हा शब्द सापडावा म्हणून?

जागेवर येऊन तिच्या बाबांना फोन लावला. उचलला नाही. मेसेज आला: गाडीवर आहे, बॉक्स फार, काही तातडीचं? मी लिहिलं: नाही नाही, सहज.

सहज.

निश्चय: उद्या परत फोन करायचा आणि ‘सहज’ म्हणायचं नाही.

२१ मे, गुरुवार

नाही केला. आज यॉरुमही नव्हती. दिवसभर वाळूच्या ट्रेमधली वाळू सारखी करत होतो. दाराकडे पाठ करून.

२२ मे, शुक्रवार

घरी जायची सध्या परवानगी नाही. पिशवी कडीला अडकवायची परवानगी आहे. म्हणून पिशवी घेऊन गेलो. शाळेजवळच्या दुकानातून भाताची पेज, आजाऱ्याला नेतात तशी. डबा गरम आहे तोवर पोचायचं म्हणून चढावर पळालो. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास गिळत.

साडेबारा वाजून गेले होते. पिशवी अडकवली, घंटी वाजवली, मागे सरलो. आतून हसण्याचा आवाज. एक नाही, दोन-तीन पोरं. पहिला विचार काय आला? गर्दी, नियमभंग. शरम वाटली पाहिजे. वाटली, पण नंतर.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत दानबी. एका हातात चमचा. गालाला भाताचं शीत. दुसऱ्या हातात फोन, त्यावर दोन चौकोन. एकात यॉरुम, घास भरलेली. दुसऱ्यात राओन. छतावरचा दिवा नाही, राओन. पहिल्यांदाच पूर्ण चेहरा बघितला. पुढचा दात नाही त्याला.

मी काय बोलणार होतो ते वाटेत पाठ केलं होतं. विसरलो.

“सर, जेवलात का?” दानबी म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. एवढ्या दिवसांत या प्रश्नाला दिलेलं पहिलं खरं उत्तर.

मग मी तिला विचारलं. हळू विचारलं, कारण मला ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी तू ‘जेवले नाही’ म्हणालीस. त्यानंतर का आली नाहीस?

तिने जरा विचार केला. रागावून बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तुम्ही साडेबाराला बोलावलंत. मला वाटलं जेवायला बोलावलंय.”

फोनमधून राओन म्हणाला, मलापण तसंच वाटलेलं.

एकटीने घास गिळत नाही, म्हणाली. शाळेत सगळे असायचे. बाबा अन्न झाकून जायचे, ते ती इमारतीखालच्या उरल्या अन्नाच्या पेटीत टाकून यायची. बाबांना रिकामा डबा दिसायला हवा, नाहीतर ते गाडी चालवता चालवता काळजी करतात. खाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला की थोडं जायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी तोही बंद.

तो मी बंद करायला लावला होता.

मग ‘नाही’ म्हणून झाल्यावर आणि पाच नंबर सांगून झाल्यावर तिने यॉरुमला फोन लावला आणि विचारलं, तू जेवलीस का? यॉरुम म्हणाली नाही. त्यांनी राओनला विचारलं. इतकंच. तेव्हापासून रोज साडेबाराला तिघं एकत्र जेवतात. सत्राला यायला वेळ नव्हता.

“पाच का म्हणालीस?” मी विचारलं.

“तुम्हाला पाच आवडतं ना.”

पिशवी उघडून तिने वास घेतला. तुमच्यासाठी ठेवू का थोडं, विचारलं. म्हटलं, नको. दार लावता लावता म्हणाली, “आणि ते मोड मार्टातले होते ना? मुळं कापलेली होती.” आतून राओन खिदळला.

खाली आलो. मैदानाला पिवळी पट्टी बांधून ठेवलीय. त्या पट्टीशेजारी बराच वेळ उभा होतो.

२५ मे, सोमवार

तक बाईंना सगळं सांगितलं. ‘स्थिर’सकट. त्या म्हणाल्या, तुमच्या अहवालात तर ती नाचतच होती, सर. मग त्यांनी मास्क सारखा केला आणि म्हणाल्या, पोर जेवतेय ना आता? मग तोंड पाडून बसू नका, बापाला फोन करा.

केला. ‘सहज’ म्हटलं नाही. त्यांनी गाडी बाजूला घेतली असावी, इंडिकेटर टकटकत होता. म्हणाले, “डबा रोज रिकामा असायचा, सर. मी म्हणायचो, शाब्बास.” दोघं मिळून इंडिकेटर ऐकत होतो. मी सांगितलं, माझ्याही कागदावर सगळं रिकामं-स्वच्छच होतं. माझा तर हा धंदा आहे.

आता दुपारी गाडी थांबवून पाच मिनिटं फोन करणार आहेत. दाखव काय खातेस, म्हणून.

वर सुधारित अहवाल पाठवला. रेघ काढून टाकली.

२६ मे, मंगळवार

मुलांच्या जेवणात मला येता येईल का, असा अर्ज केला. म्हणजे दानबीला मेसेज. उत्तर संध्याकाळी. मतदान झालं. राओन विरोधात होता, दाताबद्दल काही बोलणार नाही या हमीवर वळला. अटी यॉरुमने टाईप केल्या: फक्त शुक्रवारी. चेहऱ्यांचा तक्ता आणायचा नाही. राम्यॉन चालेल, पण कॅमेऱ्यासमोर.

मान्य केलं. खरं तर हा ‘समवयस्क भोजन गट’ म्हणून फार चांगला उपक्रम होईल, कल्पना तशी माझ्याच सत्रातून

नाही. हे खोडतो.

२९ मे, शुक्रवार. १२.२५

बुधवारी तिसरीची शाळा उघडणार. म्हणजे आज पहिलं आणि शेवटचं. दारावर ‘सत्र चालू’ची पाटी लावली, मग काढली. राम्यॉन, अंडं घातलेला. आईने पाठवलेलं कोबीचं किमची. सगळं कॅमेऱ्यासमोर.

१२.३०

लिंक उघडली. ‘आत घेईपर्यंत कृपया थांबा.’

१२.३८

थांबलोय. वास नाकात शिरतोय. वाटी समोर असताना न खाता दहा-बारा मिनिटं बसणं किती लांब असतं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही.

१२.४५

परत मतदान चालू असेल.

१२.५०

दानबीचा मेसेज. सर, आज आम्ही बाराला बसलो, शाळेत बाराला जेवण असतं म्हणून सवय करतोय. तुम्हाला सांगायचं राओनकडे होतं. तो विसरला. आमचं झालं.

लिहिलं: काही हरकत नाही. तू काय जेवलीस?

उत्तर: भात, मासा, पालक. दोनदा घेतलं. खरंच. बाबांना विचारा. तुम्ही?

लिहिलं: अजून नाही. आता जेवतो.

संगणक बंद करायला हात नेला आणि स्क्रीन उघडली. एकटी दानबी. समोर रिकामी वाटी, कॅमेऱ्याकडे तिरकी करून. म्हणाली, “एकटे नका जेवू, सर. मी बसते.”

राम्यॉन थंड आणि फुगलेला. चष्म्यावर वाफ आली नाही. ती हनुवटी हातावर टेकून बघत होती, मी शेवटचा घोट घेईपर्यंत. मग तिने खालून एक कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. माझाच तक्ता, वहीच्या पानावर उतरवलेला. कान थोडे मोठे झालेत.

किती नंबर, तिने विचारलं.

दोन, म्हणालो.

“नीट विचार करा, सर.”

केला. तीन.